सापळ्यातले पतंग कोण मोजणार?

गेल्या वर्षी राखीपौर्णिमेला माहेरी गेले, तेव्हा दादाच्या कपाशीला पाते, म्हणजे कळ्या, लागले होते आणि मधूनच एखादे फूलही दिसू लागले होते. परभणी जिल्ह्यातले आमचे गाव काळ्या, खोल जमिनीचे आहे आणि कपाशीच्या भरवशावरच तिथल्या घरांतली लग्ने, शाळांच्या फिया आणि दवाखाने निभावत आले आहेत. २०१७ साली शेंदरी बोंडअळीने साऱ्या महाराष्ट्रातल्या कपाशीची दैना केली, त्यात दादाचेही पीक गेले होते. बीटी कपाशीतल्या ज्या प्रथिनांमुळे ही अळी मरत असे, त्यांना ती दाद देईनाशी झाली होती. शिवाय अळी एकदा बोंडात शिरली की वरून काहीच कळत नाही. बोंड फोडून पाहावे तेव्हा आतली सरकी खाल्लेली असते आणि कापूस पिवळा पडलेला असतो. तेव्हापासून आमच्या शिवारात कपाशी फुलावर आली, की प्रत्येकाच्या मनात एक धास्ती घर करते.

म्हणून गेल्या वर्षी दादाने कामगंध सापळे, म्हणजे बोंडअळीच्या नर पतंगांना मादीच्या गंधाने ओढून पकडणारे सापळे, लावले होते. मी माझ्या भाच्याला, दादाच्या धाकट्या मुलाला, सहज विचारले, की या सापळ्यांवरून फवारणी केव्हा करायची ते कसे ठरवतात. त्याने खिशातून फोन काढला आणि माझे वाक्य पुरते संपायच्या आत उत्तर वाचून दाखवले, की एका सापळ्यात दररोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस सापडले, की नुकसानीची पातळी गाठली असे समजावे आणि उपाय करावा. उत्तर अगदी बरोबर होते. ओसरीवर बसलेल्या दादाने शांतपणे विचारले, ‘‘मग काल किती होते?’’ भाचा गप्प झाला. सापळे लावून पंधरा दिवस झाले होते आणि त्या पंधरा दिवसांत ते उघडून कोणीही पाहिले नव्हते. शेजारच्यांनी फवारले म्हणून आमच्याही रानात एक फवारणी तेवढी उरकलेली होती.

त्या रात्री मला आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, फार आठवण आली. आबांना अक्षरओळख नव्हती. पण शेताला रोज धन्याचा पाय लागला पाहिजे, असे ते म्हणत आणि ते म्हणणे त्यांनी शेवटपर्यंत पाळले. पेरणीच्या दिवसांत पाऊस पडला, की ते ढेकूळ हातात घेऊन दाबून पाहत, बोटांनी माती उकरून ओल वीतभर खाली गेली की नाही याची खात्री करत आणि वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आल्याशिवाय तिफणीला हात लावत नसत. आज भाच्याच्या हातातल्या फोनला पुढच्या पाच दिवसांचा अंदाज ठाऊक आहे, जमिनीचा सामू ठाऊक आहे, लातूरच्या बाजारातला सोयाबीनचा भाव ठाऊक आहे. म्हणून भाचा आबांपेक्षा हुशार झाला आहे का? हा प्रश्न मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो, कारण मी सव्वीस वर्षे गणित शिकवत आले आहे आणि मुलांच्या हाती आपण नेमके काय देतो आहोत, याचे उत्तर मला कुठेतरी द्यावेच लागणार आहे.

या प्रश्नाचा एक पैलू मोजलेला आहे. न्यूझीलंडमध्ये राहणारे अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली अमेरिकेतल्या जुन्या आणि नव्या बुद्धिमापन चाचण्यांची तुलना करून दाखवून दिले, की दर दहा वर्षांमागे लोकांचे गुण सुमारे तीनने वाढत आले आहेत. १९८७ साली त्यांनी हीच गोष्ट चौदा देशांच्या आकडेवारीतून मांडली. नातवंडे आजी-आजोबांपेक्षा या चाचण्यांत ठळकपणे सरस ठरतात. मात्र ही वाढ झाली ती घरोघरी इंटरनेट पोहोचण्याच्या कितीतरी आधी, आणि तिचे श्रेय अभ्यासक शाळांचा प्रसार, बरे पोषण, लहान कुटुंबे आणि डोक्याने करायची नवी कामे यांना देतात. पुढे नॉर्वेत सैन्यभरतीच्या चाचण्यांचे गुण तपासले गेले, तेव्हा १९७५ च्या सुमारास जन्मलेल्यांपर्यंत चढत गेलेला आलेख त्यांच्या नंतरच्यांत उतरू लागल्याचे दिसले, आणि ही उतरण एकाच घरातल्या थोरल्या-धाकट्या भावांमध्येही आढळली. एवढ्या आधी जन्मलेल्या मुलांच्या गुणांचा दोष फोनला देता येत नाही, आणि त्यापूर्वीच्या वाढीचे श्रेयही देता येत नाही. माहितीची सुलभता आणि बुद्धीची वाढ या दोन गोष्टी आपण ज्या सहजपणे एकमेकींना बांधून टाकतो, तसा त्यांचा संबंध निदान या आकड्यांत तरी सापडत नाही.

फ्लिन यांनी या वाढीचा अर्थ लावताना रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांच्या कामाचा आधार घेतला आणि मला त्यातच खरे मर्म दिसते. लुरिया १९३१-३२ च्या सुमारास उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना भेटले होते. त्यांनी विचारले, की दूर उत्तरेला, जिथे कायम बर्फ असते, तिथली सगळी अस्वले पांढरी असतात. अमुक एक गाव दूर उत्तरेला आहे. तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची असतील? शेतकऱ्यांनी सांगितले, की आम्ही तिकडे कधी गेलो नाही, जे पाहिले नाही त्याविषयी आम्ही बोलत नाही, ज्याने पाहिले असेल त्याला विचारा.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले, कारण हे मी घरात ऐकलेले होते. मी पाचवीत असताना चुलीपुढे बसून मोठ्याने उदाहरणे वाचत असे. एका शेतकऱ्याने अमुक रुपये पायलीने ज्वारी विकली, तर त्याला एकूण किती रुपये मिळाले, असे वाचले की आजी भाकरी थापता थापता थांबून विचारी, ‘‘कोणती ज्वारी? दगडी का हायब्रीड? अन् ह्या भावानं कोण देईल, येडा हाय का त्यो?’’ मी चिडून सांगत असे, की आजी, तसे समजायचे असते. त्यावर तिचे उत्तर ठरलेले असे, ‘‘जे नाही ते कसं समजावं, माय?’’ त्या वेळी मला तिची कीव येई. आज वाटते, की ‘समजा’ या शब्दाने शाळेने मला एक मोठे दार उघडून दिले, जे आजीला कधीच उघडले नाही. समजा अमुक असेल तर तमुक होईल, असा विचार करता येणे ही माझ्या पिढीची खरी कमाई आहे आणि ती मी कमी लेखणार नाही. परंतु आजीजवळही एक गोष्ट होती. तिच्या कानावर पडलेला प्रत्येक आकडा आधी ज्वारीच्या कणग्यापाशी जाऊन पारखून येत असे. चुकीचा भाव तिच्या डोक्यात शिरूच शकत नव्हता.

तरीही जुन्या पिढीचे गुणगान गाऊन मला थांबायचे नाही, कारण माहितीच्या दुष्काळाने आमच्या भागाला काय भोगायला लावले ते मी घरातच ऐकले आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो आणि कचेरीची भाषा उर्दू होती. आबांच्या नावच्या जमिनीचा कागद आबांना वाचता येत नव्हताच, पण गावातल्या मराठी शिकलेल्यांनाही तो वाचता येत नसे. नोटीस आली की आबा पहाटे उठून तालुक्याला पायी जात, कचेरीबाहेर बसणाऱ्या एखाद्या जाणकारापुढे हात जोडत आणि तो सांगेल तेवढेच खरे मानून परत येत. आपल्याच मालकीच्या रानाबद्दल आपल्यालाच काही कळू नये, ही लाचारी ते म्हातारपणीही विसरले नव्हते. आज सातबारा मोबाईलवर मराठीत दिसतो. ज्याला हा फरक क्षुल्लक वाटतो, त्याने ती पायपीट केलेली नाही. आजीला तर शाळेची पायरीच चढू दिली गेली नाही, आणि गावाच्या वेशीबाहेर राहणाऱ्या कुटुंबांसाठी विद्येचे दार पिढ्यान्‌पिढ्या समाजानेच बंद करून ठेवले होते.

ते दार आमच्या मराठवाड्यात ज्यांनी जोर लावून उघडले, त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला सुरू केलेल्या महाविद्यालयाचा वाटा फार मोठा आहे. मिलिंद महाविद्यालय हे त्याचे नाव आणि नागसेनवन हे त्याच्या परिसराचे. मिलिंद हा प्रश्न विचारणारा ग्रीक राजा आणि नागसेन हा त्याला उत्तरे देणारा भिक्षू. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातली त्या दोघांची रथाची चर्चा मी वर्गात अनेकदा सांगते. नागसेन राजाला विचारतो, की तू रथातून आलास ना, मग रथ कोणता ते दाखव. आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो आणि रथ म्हणजे काय, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळू लागते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना प्रश्न विचारण्याचीच मनाई होती, त्यांच्या मुलांसाठी उभारलेल्या महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव लाभले आहे, याचे मोल मला दरवर्षी अधिकाधिक कळत जाते.

आता लातूरविषयी. माझी मुलगी तिथे दोन वर्षे वसतिगृहात राहून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करते आहे. १८० प्रश्न आणि ७२० गुण हे आकडे आमच्या घरात देवाच्या नावासारखे घेतले जातात. देशातल्या नामवंत शिक्षकांची व्याख्याने आज फोनवर फुकट मिळतात, जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात, एकेका प्रश्नाची सविस्तर उत्तरे मिळतात. माहिती मिळाली म्हणजे मुले शिकली असे असते, तर लातूरची वसतिगृहे एव्हाना ओस पडायला हवी होती. पण नांदेड, हिंगोली, बीड, धाराशिवकडून मुले येतच आहेत आणि खोल्या मिळत नाहीत. मी मुलीला विचारले, की जे फोनवर आहे त्याहून वेगळे तुला तिथे काय मिळते. ती म्हणाली, ‘‘आई, माझे उत्तर चुकले तर सर बरोबर उत्तर सांगत नाहीत. आधी विचारतात, की तुला हे का बरोबर वाटले?’’ तिच्या या एका वाक्याने मला माझ्या व्यवसायाविषयी जे शिकवले, ते कोणत्याही प्रशिक्षणात मिळाले नव्हते. अर्थात या साऱ्या धावपळीतले मला सगळेच पटते असे नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर दिलेल्या चार पर्यायांत नसते, त्या प्रश्नापाशी रेंगाळायला या मुलांना दोन वर्षांत एक दुपारही मिळत नाही, याचे मला दुःख होते.

शोधलेले आणि समजलेले यांतला फरक पुसला जातो, ही या काळाची सर्वांत अवघड गोष्ट आहे. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की काही प्रश्नांची उत्तरे इंटरनेटवर शोधून आलेली माणसे, त्या प्रश्नांशी संबंध नसलेल्या इतर विषयांतही आपल्याला अधिक कळते असे समजू लागतात. फोनमध्ये असलेले ज्ञान त्यांना आपल्याच डोक्यात असल्यासारखे वाटते. माझ्या भाच्याच्या चेहऱ्यावर त्या दिवशी तोच विश्वास होता, आणि खरे सांगायचे तर औषधांच्या चिठ्ठ्या वाचताना माझ्याही चेहऱ्यावर तो असतो.

म्हणून गेली काही वर्षे मी वर्गात एक नेम पाळते. अंबाजोगाई तालुक्यातल्या माझ्या शाळेत आता बहुतेक मुलांच्या घरी फोन आहे आणि मी त्याला विरोध करत नाही. मात्र काहीही शोधण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा आणि तो का वाटला तेही लिहायचे. एकदा आठवीच्या वर्गाला विचारले, की एक एकर रानावर एक इंच, म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर, पाऊस पडला तर एकूण किती लिटर पाणी पडले? कुणी दोनशे लिटर लिहिले, कुणी दोन हजार, सर्वांत धीट मुलीने दहा हजार लिहिले, कारण तिच्या गल्लीत येणारा टँकर तेवढा होता. मग आम्ही हिशेब मांडला. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, त्यावर अडीच सेंटिमीटर उंचीचे पाणी. उत्तर आले एक लाख लिटरहून थोडे अधिक. वर्ग अवाक झाला. त्या मुलीने हात वर करून विचारले, ‘‘म्हणजे दहा टँकर, बाई? एका एकरावर?’’

तेव्हा मी त्यांना २०१६ च्या एप्रिलमधल्या त्या आगगाडीची गोष्ट सांगितली, जी या मुलांना आठवणे शक्य नव्हते. लातूर शहराचे नळ कोरडे पडले होते आणि मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरवरून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि पाणी होते सुमारे पाच लाख लिटर. नंतरच्या गाड्या पन्नास वाघिणींच्या, पंचवीस लाख लिटरच्या झाल्या. मुलांनी माझ्याआधी भागाकार केला. पहिली गाडी म्हणजे पाच एकरांवरचा एक इंच पाऊस, मोठी गाडी म्हणजे पंचवीस एकरांवरचा. गावातल्या एखाद्या बऱ्या शेतकऱ्याच्या जमिनीवर एका दुपारी जेवढे पाणी पडते, तेवढ्यासाठी आगगाडी धावली होती. वर्गात काही क्षण कोणी बोलले नाही, आणि मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘‘मग बाई, ते पडलेलं पाणी जातं कुठं?’’

या प्रश्नासाठी मी शिक्षिका झाले, असे मला त्या दिवशी वाटले. आम्ही पुढचे दोन तास ओढ्याकाठी गेलो, काळ्या मातीच्या भेगा पाहिल्या, गाळाने भरलेला बंधारा पाहिला, बोअर किती फुटांवर गेले ते वाटेत भेटलेल्या माणसांना विचारले. भूजल, बाष्पीभवन, वाहून जाणारे पाणी यांची माहिती नंतर मुलांनी फोनवरच वाचली आणि ती त्यांना भराभर समजली, कारण तिला जाऊन बसायला आता जागा तयार झाली होती. हीच सगळी माहिती प्रश्न पडण्याच्या आधीही त्यांच्या खिशात होती. वर्षभराने त्यांच्यापैकी कित्येकांना एक लाख लिटरचा तो आकडा तोंडपाठ आहे, आणि ज्यांचा अंदाज सर्वांत जास्त चुकला होता, त्यांना तो सर्वांत पक्का आठवतो.

उतावीळ माहिती किती महाग पडते, हे सांगताना मात्र माझा आवाज अजूनही कापतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या मोबाईलवर फिरलेल्या अफवेमुळे, जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना ठार मारले. ती भिक्षा मागत फिरणारी माणसे होती आणि त्यांतली बहुतेक मंगळवेढा तालुक्यातली होती. अफवा जुन्या काळीही उठत, माणसे तेव्हाही मारली जात, हे मी नाकारत नाही. पण माझ्या आजीला दारी येणारे डवरी गोसावी कोण, वासुदेव कोण, पोतराज कोण, ते सुगीनंतर केव्हा येतात आणि त्यांची पाले कोणत्या माळावर पडतात, हे सगळे ठाऊक होते. ती त्यांच्या बायकांशी सुखदुःखाचे बोले. अक्षर न ओळखणाऱ्या त्या बाईला माणूस ओळखता येत होता.

आमच्याच गोदाकाठाने याविषयी एक फार जुना धडा घालून दिलेला आहे. चक्रधरस्वामींचा बराच वावर पैठण आणि गोदावरीच्या परिसरात होता. ते निघून गेल्यावर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी त्यांच्या लीळा, म्हणजे आठवणी, एकत्र करायचे ठरवले. जो जो स्वामींच्या सहवासात होता त्याला ते शोधत गेले, त्याच्याकडून आठवण ऐकून घेतली आणि नागदेवाचार्यांकडून ती पारखून घेतली. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत पुढे परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. आठवणी जुळल्या नाहीत, तेव्हा कोणता पाठ कोणाचा, हे त्या त्या स्मरणकर्त्याच्या नावासह नोंदवून ठेवले गेले. चालत जाऊन विचारणे, विचारलेले तपासणे आणि सांगणाऱ्याचे नाव जपणे एवढे सारे एका वाक्यासाठी करणारी माणसे आपल्या भाषेत सातशे वर्षांपूर्वी होती. माझ्या फोनवर रोज येणाऱ्या निरोपांवर ते मुळात कोणी लिहिले, याचा मागमूसही नसतो आणि मी ते वाचून पुढे सरकते.

राखीच्या दुसऱ्या दिवशी निघताना मी भाच्याला एक शंभर पानी वही दिली आणि रोज सकाळी सापळे पाहून आकडा लिहायला सांगितले. त्याने मान डोलावली, तेव्हा तो हे करील असे मला मनापासून वाटले नव्हते. पुढच्या आठवड्यात त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. सोमवार ३, मंगळवार ५, बुधवार ९, गुरुवार ८, शुक्रवार ६. शेजारच्या दोन्ही रानांत त्या आठवड्यात फवारणी झाली होती. दादाने केली नव्हती, कारण सलग तीन दिवस आठाचा आकडा भरला नव्हता. पानाच्या खाली, शुक्रवारच्या सहाला बाण काढून, भाच्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते : ‘‘आत्या, रात्री पाऊस होता. पतंग खरंच कमी झाले, का पावसामुळं उडालेच नाहीत?’’

मला उत्तर ठाऊक नव्हते. दादालाही नव्हते. शनिवारी पहाटे भाचा कोणी न सांगता पुन्हा रानात गेला.